मागून आलेली थोरली

सुरभी हिंगणघाटच्या त्या कापड दुकानात शिरली ती फक्त अस्तर घ्यायला. मोरपंखी कुर्त्याला मोरपंखी अस्तर, दीड मीटर. पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत उरकेल तर ती सुरभी कसली!

काउंटरमागे चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी कापडाच्या घड्या घालत होती. कोणता तागा कुठे ठेवायचा याचा तिनं जरा विचार केला, आणि विचार करता करता डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली... सुरभीचा हात पर्समध्येच राहिला. ही लकब तिनं परवाच पाहिली होती, पण इथून दीड तासाच्या वाटेवर, हिंगणीच्या शाळेत.

"अगं काजल! तू इथे कशी?"

मुलीनं वर पाहिलं. ओळखीची खूणही नाही. "मी काजल नाई."

"असं काय करतेस? परवा मला माठातलं पाणी तूच आणून दिलंस ना?"

गादीवर मांडी घालून बसलेला एक तरुण खो खो हसायला लागला. सावळा, कुरळ्या केसांचा, आणि भुवयांवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले.

"मॅडम, पाणी देलं ते काजल. हे आकांक्षा. वाईट वाटून घेऊ नका, आमच्या गावचा पोस्टमनही चुकते."

"जुळ्या?" सुरभीचा आवाज असा काही चढला की साड्या बघत बसलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. "एक हिंगणीला आणि एक इथे? कधीपासून? का? कोणी ठरवलं? आणि तुम्ही कोण?"

तो बोटं मोजत होता. "सहा प्रश्न झाले. अस्तर कोणत्या रंगाचं पाहिजे हे अजून सांगितलंच नाई तुमी."

सुरभी लाजली. मग हसली. आणि अस्तर न घेताच घरी गेली, हे तिच्या लक्षात यायला वर्ध्याजवळची तिची नालवाडी यावी लागली.

आता ही सुरभी कोण, ते सांगून टाकू. वय सव्वीस, मानसशास्त्रात एमएस्सी, आणि गेले आठ महिने वर्ध्याच्या एका संशोधन प्रकल्पात गावोगाव फिरून जुळी मुलं शोधण्याचं काम. वयात येताना मेंदूत जी जोडणी होते ती किती रक्तातून येते आणि किती घरादारातून, शाळेतून, सोबत्यांकडून, हे त्या प्रकल्पाला शोधायचं होतं. त्यासाठी जुळी मुलं हवीत. त्यातही एकाच चेहऱ्याची, एकाच रक्ताची, पण दोन वेगळ्या घरांत वाढलेली जोडी... अशी जोडी मिळणं म्हणजे प्रकल्पाच्या मॅडमच्या भाषेत लॉटरीच.

या नोकरीत सुरभीच्या एका खोडीचं चीज होत होतं. ती प्रश्न विचारायची. लहानपणापासून, कुणालाही, कुठेही. घरच्यांना त्याचं कौतुक होतं ते लग्नाची बोलणी सुरू होईपर्यंत. मग एक स्थळ पुलगावचं आलं, एक आर्वीचं. दोन्हीकडून उत्तर जवळपास सारखंच आलं. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण प्रश्न फार विचारते. आर्वीच्या मुलाला तिनं एवढंच विचारलं होतं, की तुम्हाला एकटं असताना काय करायला आवडतं? त्याला ते फारच झोंबलं म्हणे. सुरभी हे सगळं हसून सांगायची. आतून मात्र तिला खरंच भीती वाटायची, की आपण जशा आहोत तशा कुणाला चालणारच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात फोन केला. तो गादीवरचा तरुण म्हणजे मुलींचा मामा, चंदन. हिंगणीची रुख्माबाई आणि हिंगणघाटची नलू या दोघी बहिणी, आणि हा त्यांचा शेंडेफळ भाऊ. नलू आणि तिचे यजमान मधुकरराव यांचं ते दुकान. रुख्माबाईला जुळ्या झाल्या तेव्हा त्यातली एक तिनं नलूच्या ओटीत घातली. लपवाछपवी काही नव्हती. आकांक्षा नलूला आई म्हणायची आणि रुख्माबाईला हिंगणीची आई.

"घरच्यांसोबत बोलायच्या आधी मले समजावून सांगा," चंदन म्हणाला. "मी जिनिंगवर असतो. तिथं या. मले पटलं तर बाकीच्यायले पटवतो."

जिनिंगच्या आवारात पांढरे डोंगर लागले होते. कापसाच्या गाड्या येत होत्या, हवेत तंतू तरंगत होते, उन्हात चमकत होते. चंदन तिथं ग्रेडर होता. आलेल्या कापसाचा दर्जा ठरवायचा. त्यानं एका ढिगातून चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला. शेवटी बोटांत केसाएवढ्या तंतूंची सरळ झुलुपं उरली.

"तंतूची लांबी एकोणतीस मिलीमीटर," तो म्हणाला.

"नुसतं बघून?"

"बोटायले समजते. आता हा पाहा, दुसऱ्या गाडीतला." पुन्हा तेच. "हा सव्वीस. गंमत अशी हाय, दोन्ही शेतकऱ्यायचं बियाणं एकच. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलं. हे दोघं शेजारी शेजारी राह्यतात, पण एकाची जमीन काळी, भारी... दुसऱ्याची मुरमाड."

सुरभी त्या दोन झुलुपांकडे बघतच राहिली. आठ महिने ती पालकांना हीच गोष्ट समजावत होती, आणि निम्मे पालक जांभया देत होते.

"आम्ही हेच शोधतोय," ती म्हणाली. "तेरा-चौदाव्या वर्षी डोक्यात फार उलथापालथ चालते. मेंदूच्या एका भागाचं दुसऱ्याशी बोलणं वाढतं, काही ठिकाणचं कमी होतं. तुमच्याकडच्या पांदणीसारखं. ज्या पांदणीनं रोज बैलगाडी जाते ती पक्की होते, जिथून कुणी जात नाही तिथं काटेरी झुडपं वाढतात. बियाणं किती आणि जमीन किती, हे आम्हाला एमआरआय मशीनमध्ये मेंदूचे फोटो काढून बघायचंय."

"मंग या दोघींच्या डोक्यातले रस्ते सारखे निघतील का वेगळे?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाजसुद्धा नाही. एका जोडीवरून काही सांगता येत नाही. शेकडो जोड्या बघाव्या लागतात. आणि तरीसुद्धा जे कळेल ते सगळ्यांचं मिळून कळेल, एकट्या आकांक्षाचं नाही."

चंदननं मान हलवली. "बरं झालं सरळ सांगितलं. माहीत नाई म्हणणारं माणूस मले लवकर पटते."

ती उठली तेव्हा तो एकदम म्हणाला, "थांबा... केसात कापूस." हात उचलला त्यानं, पण मधेच थांबवला, आणि नुसतं बोटानं दाखवलं. "तिथं नाई. जरा वर. आणखी... नाई, राहू द्या. चांगला दिसते."

नालवाडीपर्यंत सुरभीनं तो कापूस काढला नाही. स्कूटीवर हेल्मेट घालताना मात्र त्याची फार काळजी घेतली.

पुढच्या महिन्याभरात सुरभीच्या हिंगणी आणि हिंगणघाटच्या फेऱ्या जरा जास्तच झाल्या. संमतीचे कागद एकदा, मुलींच्या सवयींची माहिती एकदा, शाळेच्या नोंदी एकदा... मॅडमनी विचारलं असतं तर तिच्याकडे प्रत्येक फेरीचं कारण तयार होतं. हिंगणीला जाताना चंदन सेलूच्या पुढे वाट बघत उभा असायचा. त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला कायम एक पिशवी लटकलेली असायची. काजलनं वेचलेली बोरं इकडून तिकडे, आकांक्षाच्या जुन्या वह्या तिकडून इकडे, आणि दोघींच्या चिठ्ठ्या दोन्हीकडे. दर रविवारी, न चुकता.

"फोन आहेत की दोघींच्या घरी," सुरभी म्हणाली.

"फोनमधून बोरं जात नाईत."

"तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"एक दिवस नाई गेलो तर दोघी मिळून मायावर रुसतात. एकसारख्या. त्याचा फोटो काढते का जी तुमची मशीन?"

ती हसली, इतकी की स्कूटी रस्त्याच्या कडेला गेली. "नीट चालवा," तो ओरडला, "प्रकल्पाचं नुकसान होईन!"

हिंगणीला रुख्माबाई अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होती. फॉर्मवर एक रकाना होता. जन्माचा क्रम.

"थोरली कोण हो?" सुरभीनं विचारलं.

"काजल," रुख्माबाई म्हणाली.

"अन् लहान म्हणून आकांक्षा हिच्या बहिणीले देली," किसनरावांनी मुलींच्या वडिलांच्या अधिकारानं पुस्ती जोडली. सुरभीनं लिहिलं, क्रमांक एक काजल, क्रमांक दोन आकांक्षा. इथेच ती चुकली, आणि चुकल्याचं तिला कळलंही नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. वर्ध्याच्या तपासणी केंद्रात दोन्ही बहिणी, दोन्ही आया आणि मामा. मुली मशीनमध्ये एकट्या जायला घाबरत होत्या, त्यामुळे मामानं आत बसायचं ठरलं. आणि आत बसायचं तर त्यालाही फॉर्म भरावा लागणार. त्या खोलीत लोहचुंबक इतकं जोरकस असतं की धातूचं काही चालत नाही. सुरभीनं चेहरा शक्य तितका सरकारी केला.

"शरीरात कुठे पट्टी, स्क्रू, तार बसवली आहे?"

"नाई."

"कधी छर्रा लागला होता?"

"अजून तरी नाई."

"अंगावर धातूचं काही?"

चंदननं कडं काढलं. चाव्या काढल्या. मग जरा घुटमळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "चांदीचा करदोडा हाय..."

"काढावा लागेल."

"इथंच?"

"तिकडे पडदा आहे," सुरभी म्हणाली, आणि तिच्याही कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो परत आल्यावर तिनं पुढचं वाचलं. "आणखी कुठे काही रुतलेलं वगैरे?"

"हाय ना." त्यानं छातीवर हात ठेवला. "इथं. तुमी दुकानात आल्या त्या दिवसापासून. धातूचं हाय का, ते सांगता येत नाई."

सुरभीचं पेन थांबलं. शेवटचा प्रश्न होता, आणखी काही सांगायचे आहे का? तिनं तो मोठ्यानं वाचलाच नाही, घाईघाईनं 'नाही' लिहून टाकलं.

काजलची तपासणी छान झाली. ठक ठक, घर्र घर्र, चाळीस मिनिटं... पोरगी हललीसुद्धा नाही. ती बाहेर आली, आकांक्षा तयार होऊ लागली, आणि तेवढ्यात रुख्माबाईनं पिशवीतून जन्माच्या वेळचं दवाखान्याचं जुनं कार्ड काढून दिलं. सुरभीनं ते वाचलं. पहिलं बाळ, दोन किलो तीनशे. दुसरं बाळ, बारा मिनिटांनी, एक किलो चारशे.

"काजल पहिली ना? म्हणजे ती चांगली भरलेली होती," सुरभी म्हणाली.

"नाई वं बाई. काजल तर ओंजळीत मावे एवढीशी."

"मग ती दुसरी झाली. आधी आकांक्षा आली. म्हणजे थोरली तर आकांक्षाच की!"

"आमच्याकडं तसं धरत नाईत," चंदन म्हणाला. "मागून येते ते थोरलं. गाडीत गाठोडी भरल्यासारखं. जे आधी भरलं ते आत बसते, उतरवताना शेवटी निघते. पोटातही तसंच."

"किती गमतीशीर! म्हणजे दवाखान्याच्या हिशेबानं आकांक्षा मोठी, आणि घरच्या हिशेबानं..."

सुरभीला पुढचं वाक्य पूर्ण करता आलं नाही. आकांक्षा उभी राहिली होती.

"मी आधी आली?" तिनं विचारलं. "मले तर आजवर सांगितलं, तू लहान म्हणून तुले देलं. मोठी घरी राह्यते, लहान जाते. दवाखान्याचं कार्ड म्हणते मीच मोठी. मंग मलेच काऊन देलं?"

रुख्माबाई पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. आकांक्षानं चपला घातल्या आणि दाराबाहेर गेली. नलू तिच्यामागे धावली. चंदन उठला, सुरभीच्या टेबलापाशी आला, आणि कडं, चाव्या, करदोडा उचलून तोही गेला.

त्या दिवशी सुरभीनं आधी मॅडमना फोन करून स्वतःची चूक सांगितली. मॅडम रागावल्या, मग म्हणाल्या की नोंद सुधारता येईल, यापुढे 'थोरली कोण' असं न विचारता 'आधी बाहेर कोण आलं' असं विचारायचं. पण मुलगी परत यायला तयार नसेल तर तिला पुन्हा विचारायचं नाही. तिची मर्जी ती शेवटची. सुरभीला जोडी गेल्याचं दुःख झालंच. त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. पुलगावचे आणि आर्वीचे लोक बरोबर होते की काय? एका पोरीच्या समोर, तिच्याच जन्माचं कार्ड हातात धरून, 'किती गमतीशीर' म्हणालो आपण! आणि ते चंदनच्या समोर...

तिनं ठरवलं, आता बास. कामाचे प्रश्न फॉर्मवर असतील तेवढेच. बाकी तोंडाला कुलूप. आईनं विचारलं, "काय वं, बरं नाई का? दोन दिवस झाले, भाजीत काय घातलं हेसुद्धा विचारलं नाई तू."

आठ दिवस गेले. चंदनचा फोन नाही. सुरभीनं त्याचा नंबर काढून ठेवला, आकांक्षाची माफी मागायचं वाक्य मनात दहा वेळा जुळवलं, आणि दहाही वेळा त्याचा शेवट प्रश्नात झाला. रागावलात का? खूप? अजून? तिनं फोन खाली ठेवला.

नवव्या दिवशी फोन वाजला.

"हिंगणीले येता का?" चंदन होता. "आकांक्षा तीन दिवस झाले इथं येऊन राह्यली. हिंगणीच्या आईले विचाराचं म्हणून आली, अन् तोंडच उघडत नाई. आई तिकडून चूप, पोरगी इकडून चूप. घरात नुसत्या तुरी वाळून राह्यल्या. विचारावं कसं हे तुमालेच येते."

"मी नाही विचारणार आता कुणाला काही," सुरभी म्हणाली.

"या तर खरं," तो हळूच म्हणाला.

ती गेली. अंगणात शेंगांचा पसारा होता. रुख्माबाई एका टोकाला शेंगा सोलत होती, आकांक्षा दुसऱ्या टोकाला. काजल मधे, दोघींकडे आळीपाळीनं बघत. चंदन दाराच्या चौकटीला टेकून उभा. सुरभी आकांक्षाशेजारी बसली आणि सोलायला लागली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझी गोष्ट होती ती, मी सगळ्यांसमोर उघडी केली."

आकांक्षानं कानाची पाळी धरली. "तुमी विचारा ना आईले. तुमाले येते."

"नाही गं. हा प्रश्न तुझा आहे. माझ्या तोंडून विचारला तर उत्तरही मलाच मिळेल. तू विचार. मी इथे बसते, उठत नाही."

मूठभर शेंगा सोलून झाल्या. मग आकांक्षा एका दमात म्हणाली, "आई, मलेच काऊन देलं?"

रुख्माबाईचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे नाही, भावाकडे नाही, सरळ पोरीकडे पाहिलं.

"नलूचे दोन लेकरं गेलते," ती म्हणाली. "दोन्ही, हातातच. तुमी झाल्या तवा ते मायाजवळच बसून होती. मी तिले शब्द देला होता, एक तुयी. अन् काजल पाहा तर एवढीशी, डॉक्टर म्हणे सांगता येत नाई. तू गुटगुटीत, रडली का दवाखाना डोक्यावर घे. मंग काय करू मी? वाचते का नाई असं लेकरू बहिणीच्या ओटीत टाकू? तिसऱ्या डाव तिले रडवू? जे जगते, जे तिच्या घरात धावते, ते देलं. चांगलं होतं ते देलं. मायाकडं भीती ठेवली."

"मंग लहान म्हणून देलं असं काऊन सांगितलं?"

"मंग काय सांगू लोकायले? एक वाचत नाई वाटते म्हणून दुसरी देली? काजलच्या कानावर नसतं गेलं? लहान देली म्हटलं का लोक चूप बसत." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तू गेली त्या दिवशी मायी छाती दुधानं दाटून ये, अन् काजलले ओढायची ताकद नोहती. कोणाले सांगू मी हे?"

आकांक्षा शेंगांवरून चालत गेली, खरंच शेंगांवरून, आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून रडली. सुरभी उठली नाही. तिनं तसं कबूल केलं होतं. तिचेही डोळे वाहत होते.

"म्हंजे मी मरणार होती?" काजलनं विचारलं.

"हो," चंदन म्हणाला. "अन् आता दोन पोळ्या जास्त खाते."

रडता रडता सगळे हसले. आकांक्षानं नाक पुसलं. "मंग खरं सांगा, थोरली कोण?"

"मागून आली ते," रुख्माबाई म्हणाली. "त्यात काही बदल नाई."

दोघी बहिणींनी एकाच वेळी डाव्या कानाची पाळी धरली. मग आकांक्षा सुरभीकडे वळून म्हणाली, "मशीनमध्ये मी येते. हिच्यापेक्षा कमी हलीन, पाहाच." मर्जी तिची होती, आणि तिनं ती आपणहून सांगितली होती.

पुन्हा तपासणी केंद्र. पुन्हा फॉर्म. या वेळी सुरभीनं तो चंदनच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच भरा." स्वतः ती खिडकीबाहेर बघत राहिली. जानेवारीत भलतंच आभाळ आलं होतं, दोन-चार थेंब पडत होते, आणि या माणसाला आवारातल्या उघड्या कापसाची काळजी कशी वाटत नाही, हे तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही.

कागद परत आला. स्क्रू, नाही. छर्रा, नाही. शेवटी, आणखी काही सांगायचे आहे का? तिथं लिहिलं होतं, 'हो. तोंडी.'

सुरभीनं वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं.

"विचारा ना," तो म्हणाला. "रकाना अर्धा ठेवता येत नाई म्हणता तुमी."

"मी... प्रश्न बंद केलेत."

"माहीत हाय. तुमच्या आईनं सांगितलं फोनवर."

"माझ्या आईला कशाला फोन—" ती म्हणाली, आणि जीभ चावली.

"हा पहिला. आता दुसरा."

तिनं श्वास घेतला. "काय सांगायचं आहे?"

"आठ दिवस मी फोन नाई केला. तुमाले वाटलं असन रागावला. राग नाई, लाज वाटून राह्यली होती. चौदा वर्षं झाले, या दोन घरांत मी बोरं नेतो, वह्या नेतो. पाच दिवसांची आकांक्षा मायाच मांडीवर जीपमधून हिंगणघाटले आली, मी तवा शाळेत होतो. अन् काऊन, हे मी एकदाही विचारलं नाई. तुमी आल्या, अन् एका महिन्यात घर बोलतं झालं." तो थांबला. बोटं कापूस ओढल्यासारखी एकमेकांत हलत होती. "मले तुमी आवडता. प्रश्नासकट आवडता. प्रश्न काढून घेतले तर मले ते सुरभी नको."

सुरभीला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. "मला दोन ठिकाणांहून नकार आलाय. याच कारणासाठी."

"त्यायले उत्तरं येत नसतील."

काचेपलीकडून तंत्रज्ञानं खूण केली. आकांक्षा मशीनच्या फळीवर आडवी झाली होती, मामाची वाट बघत. चंदननं पडद्याआड जाऊन कडं, चाव्या, करदोडा काढला आणि सगळं सुरभीच्या ओंजळीत ठेवलं. करदोडा अजून उबदार होता. मग पिशवीतून एक पुडकं काढून त्यानं टेबलावर सरकवलं. मोरपंखी अस्तर. दीड मीटर.

"तुमी विसरून गेलत्या. रविवारी घरच्यायले घेऊन तुमच्याकडं येऊ का?"

"या," सुरभी म्हणाली. "पोहे आई करेल. पण प्रश्न मी विचारणार."

"किती?"

"सांगता येत नाही."

"चालन," तो म्हणाला आणि आत जायला वळला.

"थांबा!" तिनं कोरा फॉर्म पुढे केला. "हा दुसरा भरून द्या. शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहा. पहिला मला जमा करता येणार नाही."

"काऊन?"

"तो मी घरी नेणार आहे," सुरभी म्हणाली, आणि कागदाची घडी करून तिनं ती अस्तराच्या पुडक्यात ठेवली.